कावागोए : आगीने घडवलेली पेठ

टोकियोतील इकेबुकुरो स्थानकातून तोबू तोजो मार्गाची जलद गाडी अर्ध्या तासात सैतामा प्रांतातील कावागोएला पोचवते. स्थानकापासून उत्तरेकडे चालत निघाले की नेहमीची दुकाने मागे पडतात आणि इचिबांगाई ही जुन्या व्यापाऱ्यांची पेठ सुरू होते. जपानी घर म्हणजे लाकूड, कागद आणि हलकेपणा, ही माझ्या मनातील कल्पना इथे टिकली नाही. दोन्ही बाजूंना काजळी मिसळलेल्या चुन्याचा काळाभोर गिलावा दिलेल्या जाड मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर कौलांची भारदस्त छपरे उभी होती.

नदीमार्गे एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, माल पाठवून हे गाव श्रीमंत झाले होते. 1893 च्या मार्चमध्ये लागलेल्या भीषण आगीत गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग जळाला. मात्र 1792 मध्ये एका कापडव्यापाऱ्याने बांधलेली, आज ओसावा कुटुंबाच्या नावाने ओळखली जाणारी इमारत त्या आगीतून वाचली. राखेत उभे असलेले ते उदाहरण पाहून व्यापाऱ्यांनी आपली नवी दुकानेही मातीच्या कोठारांच्या धर्तीवर, ‘कुराझुकुरी’ पद्धतीने बांधली. वरच्या मजल्यावरील खिडक्यांची दारे मी बराच वेळ न्याहाळत होतो. त्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या असल्यामुळे ती मिटली की एकमेकांत घट्ट बसतात, आणि आग जवळ आली की उरलेल्या फटी ओल्या मातीने लिंपून टाकत. मला या पेठेचे खरे सौंदर्य या सावधगिरीत दिसले.

आगीच्या दुसऱ्याच वर्षी पुन्हा उभारलेला, सुमारे 16 मीटर उंचीचा ‘तोकी नो काने’ हा लाकडी घंटामनोरा जवळच्याच गल्लीत आहे.

टोकियोतील अशा पेठा 1923 चा भूकंप आणि नंतरचे महायुद्ध यांत नाहीशा झाल्या. कावागोएची पेठ त्यातून वाचली, तरी पुढे तिच्यावर ओस पडण्याची वेळ आली होती. तिला सावरण्यात स्थानिक दुकानदारांचा वाटा मोठा होता. 1988 मध्ये त्यांनी रहिवाशांसह बांधकामासाठी 67 कलमांची नियमावली ठरवली, पुढे विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आणि 1999 मध्ये या भागाला राष्ट्रीय पातळीवर संरक्षित वस्तीचा दर्जा मिळाला. त्यामुळेच इथे आजही मिठाई, चहा, चाकूसुऱ्या यांचा प्रत्यक्ष व्यापार चालतो. एकच गोष्ट मला खटकली: एवढ्या जपलेल्या रस्त्यावरून मोटारी आणि बसगाड्या सतत धावत असल्याने मान वर करून छपरे पाहणाऱ्याला पुन्हा पुन्हा कडेला सरावे लागते. निदान सुटीच्या दिवशी तरी हा रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.