राजमाचीवर भेटलेले जकातवाले काका

मी पुण्यातून वीकेंडला ट्रेकच्या बॅच नेतो, राजमाचीचा किल्ला तर तोंडपाठ आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण १५ किलोमीटर चाल, माचीवरच्या उधेवाडीत पिठलं-भाकरी, मग भैरवनाथाच्या देवळापासून एका हाताला श्रीवर्धन न दुसऱ्या हाताला मनरंजन हे दोन बालेकिल्ले, आणि जूनमधे सगळ्यांचा एकच प्रश्न, सर काजवे कधी दिसणार?

त्या बॅचला एक काका होते, पुण्यातल्या जकात नाक्यावर नोकरी केलेले (२०१३ ला जकातच बंद झाली, तो विषय काढला की अजून हळहळतात). मी नेहमीची कॅसेट लावली, १६५७ ला महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या मोहिमेत घेतला, १७१३ ला शाहूंनी कान्होजी आंग्र्यांना दिला, १७३० ला बाजीरावांकडे आला, १८१८ ला इंग्रज. काका मधेच म्हणाले, "अहो कोणी घेतला ते कळलं, पण कशाला घेतला?"

तेव्हा काही बोललो नाही, श्रीवर्धनवर नेलं आणि नुसतं खाली बोट दाखवलं. उल्हास नदीचं खोरं, पलीकडे बोरघाट, पायथ्याला कोंढाण्याची लेणी, म्हणजे ही वाट दोन हजार वर्षं वाहती आहे, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल इथून घाटावर चढायचा. काका खूश! "म्हणजे नाकाच की हो हा. चढाला गाडी दमते तिथंच अडवायची, आम्ही दुसरं काय करत होतो?"

मग माझी बॅच काकाच चालवायला लागले. चिलखती म्हणजे दुहेरी तटाचा बुरूज बघून म्हणे डबल बंदोबस्त, कातळातली टाकी बघून म्हणे चला पाण्याची सोय आहे. "आणि स्टाफ? त्यांची बायकापोरं?" मी उधेवाडी दाखवली. आम्ही सगळे तिथं जेवून हात धुवून वर पळतो, पण माचीवर वस्ती नसेल तर वरचे दोन बालेकिल्ले चालणार कसे, रसद कोण चढवणार, हे मी कधी कुठल्या बॅचला सांगितलंच नव्हतं.

उतरताना तोतयाची गोष्ट सांगितली. १७७६ ला एकजण पानिपतात गेलेला सदाशिवरावभाऊ मीच म्हणत आला, बरंच कोकण घेतलं, राजमाचीही घेतली, पुण्याच्या कारभाऱ्यांनी आधी गोड बोलून झुलवलं न मग फौज घातली. शेवटी आंग्र्यांकडे सापडला आणि पुण्यात मारला.

काका म्हणाले, "बोगस पावती! पहिल्या नाक्यावर सुटते, पुढच्याला धरतात."

आता मी सनावळ्या शेवटी सांगतो, आधी घाट दाखवतो. काजवेवाले वैतागतात जरा.