डबल बेस: खर्जाशी नव्याने ओळख

डबल बेस म्हणजे व्हायोलिनसारखे दिसणारे, पण उभे धरून वाजवायचे भलेमोठे खर्जाचे वाद्य. त्याच्या चार तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या स्वरांना लागतात. गेल्या वर्षी जुलैमध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, मी हे वाद्य शिकू लागले तेव्हा सरांनी हे स्वर इंग्रजी अक्षरांत सांगितले होते. घरी येऊन मी ते पेटीच्या भाषेत उतरवून घेतले, कारण आमच्या घरात स्वर याच नावांनी ओळखले जातात. आई गाते, आजी गात असे, मीही दहा-बारा वर्षे गाणे शिकले आणि तानपुऱ्याच्या आवाजावाचून उजाडलेली सकाळ मला लहानपणी ठाऊकच नव्हती. हात नवा असला तरी कान तयार आहे, अशी माझी खात्री होती. ती पहिल्या महिन्यातच ढळली आणि या वर्षभरातली सर्वांत मोलाची गोष्ट मला तिथेच मिळाली.

मोकळी, म्हणजे बोट न दाबलेली, जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा स्वर एक दशांश सेकंद वाजला, तर कानाला जेमतेम चार कंपने मिळतात आणि तेवढ्यावरून स्वर चढा की उतरता हे ठरवणे फार अवघड असते. शिवाय आपण जे ऐकतो त्यात मूळ स्वराचा वाटा थोडा आणि त्यातून उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांचा वाटा मोठा असतो. ८२, १२४, १६५ अशी ती चढती रांग ऐकून मेंदू तळाचा ४१चा स्वर मनातच उभा करतो. म्हणून तर लहानशा ट्रान्झिस्टरवरही जुन्या हिंदी गाण्यांतला बेस आपल्याला ‘ऐकू’ येत असे, जरी त्या इवल्या स्पीकरला तो स्वर देणे शक्य नव्हते. मी पहिल्या आठवड्यात माझा रियाज फोनवर ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्यात गजाची खरखरच अधिक होती आणि वाद्याच्या पोटातला आवाज जवळजवळ नव्हता. त्या निराशेत दोन दिवस गेल्यावर सरांनी हे कारण समजावून दिले आणि फोनवरून स्वतःचा आवाज जोखू नये, अशी सक्त ताकीद दिली.

खोलीचाही प्रश्न असतो. या स्वराची एक लहर आठ मीटरांहून लांब असते आणि आमची सर्वांत मोठी खोलीही तेवढी नाही. कोपऱ्यात उभी राहिले की एखादा स्वर घुमून अंगावर येतो आणि दोन पावले पुढे सरकले की तोच स्वर विरून जातो. वाजवण्यासाठी योग्य जागा शोधण्यात मी तीन संध्याकाळी घालवल्या, आणि त्या मुळीच वाया गेल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आवाजापेक्षा जमिनीतून येणारी थरथर जाणवत होती. वाद्याच्या लोखंडी दांडीखाली रबराचा जाड तुकडा आणि त्याखाली दुहेरी सतरंजी घातल्यावर त्यांची अडचण मिटली.

या वाद्याकडे मी वळले ती मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात. २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल होती आणि आम्ही डाव्या-उजव्या अंगाच्या स्वस्त जागांपैकी अशा जागी बसलो होतो की बेसवादकांची रांग अगदी समोर दिसत होती. एका संथ भागात ते सगळे एकदम थांबले. वरचे व्हायोलिनचे स्वर तेच आणि तेवढेच असूनही तानपुरा अचानक थांबल्यावर गायकाचा आवाज जसा उघडा पडतो तसे ते उघडे पडले. त्या रात्री घरी परतताना मी गुरू शोधायचे ठरवले होते.

सर मूळचे गोव्याचे, आता सत्तरी ओलांडलेले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात, सगळा वाद्यवृंद एकत्र बसून ध्वनिमुद्रण होत असे त्या काळात, त्यांनी अनेक वर्षे बेस वाजवला. पुढे कीबोर्ड आणि संगणकाने बेसची जागा घेतली आणि त्यांच्यासारख्यांचे काम हळूहळू थांबले. याविषयी ते कडवटपणे बोलत नाहीत, पण मला त्याचे वाईट वाटते. ज्या गाण्यांवर आपण वाढलो त्यांच्या तळाशी कोणाची बोटे होती, हे आपण कधी विचारलेच नाही.

वाद्य मी जुने घेतले, प्लायवूडचे, ‘तीन चतुर्थांश’ आकाराचे. नाव काहीही असो, मोठ्या माणसांसाठी हाच नेहमीचा आकार आहे. कोरीव लाकडाच्या वाद्याचा आवाज अधिक भरदार असतो हे खरे, पण मुंबईच्या बदलत्या हवेत नवशिक्याने प्लायवूडच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्यात आक्रसते आणि कोरीव फळीला तडा जाण्याची भीती सतत राहते. विक्रेत्याने तारा फिंगरबोर्डापासून, म्हणजे ज्या पट्टीवर बोटांनी तार दाबतात तिच्यापासून, इतक्या उंच ठेवलेल्या होत्या की पहिल्या पंधरवड्यात माझी बोटे सुजली. त्यातच टेम्पोतून आणताना आतला साउंडपोस्ट पडला होता. ही एक साधी उभी काठी आहे, घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, एका पायाच्या जरा मागे, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. ती पडली की घोडीचा कंप मागच्या फळीपर्यंत पोहोचत नाही आणि वाद्य पोकळ खोक्यासारखे वाजते. फ्रेंच आणि इटालियन भाषांत या काठीला ‘आत्मा’ म्हणतात, हे मला नंतर कळले. एका जाणत्या कारागिराने ती परत उभी केली आणि घोडी खाली उतरवून दिली. वाद्य घेतल्याबरोबर, पहिला स्वर काढण्याआधी, हे काम करून घ्यावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला कळकळीने सांगेन. उंच तारांशी झगडण्यात हाताला ज्या सवयी लागतात त्या मोडायला मला चार महिने लागले.

डाव्या हाताचे गणित अंतराचे आहे. तारेची वाजणारी लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते, त्यामुळे मोकळ्या तारेवरचा सा धरला तर शुद्ध रिषभ नटपासून, म्हणजे तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या आडव्या पट्टीपासून, जवळजवळ साडेअकरा सेंटिमीटरांवर येतो. व्हायोलिनवर हेच अंतर चार सेंटिमीटरांहूनही कमी आहे. म्हणून इथे हात एका जागी ठेवून पहिल्या बोटापासून, म्हणजे तर्जनीपासून, करंगळीपर्यंत फक्त एक पूर्ण स्वर मावतो. व्हिएन्नाचे शिक्षक फ्रांत्स सिमांडल (१८४०–१९१२) यांच्या पद्धतीत खालच्या भागात पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरतात आणि तिसरे बोट करंगळीला नुसता आधार देते. मी याच पद्धतीने शिकते आहे. सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम केलेल्या फ्रांस्वा राबा या बेसवादकांनी अंगठा न हलवता हात त्याभोवती फिरवण्याची निराळी वाट दाखवली आहे. ती मला खुणावते, पण सर म्हणतात, आधी एक घर नीट बांध, मग दुसऱ्याच्या खिडक्या बघ.

सतारीसारखे पडदे नसल्यामुळे बोट कुठे ठेवायचे हे कानानेच ठरवावे लागते. ते ठेवताना मनगटाची आणि अंगठ्याची ताकद लावायची नसते. “दाबू नको, हाताला लटकू दे,” हे वाक्य मी प्रत्येक शिकवणीत किमान पाच वेळा ऐकते. खांद्यापासून हाताचे वजन तारेवर सोडता आले की अंगठा वाद्याच्या मानेच्या मागे जवळजवळ मोकळा राहतो. आणखी एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला: वाद्य उभे असल्यामुळे स्वर चढवायचा तर हात खाली न्यावा लागतो.

गज धरण्याच्या दोन रीती आहेत. फ्रेंच पकडीत हात वरून येतो, चेलोसारखा. जर्मन पकडीत तळवा खालून येतो. मी दुसरी निवडली, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे: सारंगीचा गजही असाच खालून धरतात आणि लहानपणी आईच्या साथीला येणाऱ्या सारंगीवादकांचा हात मी तासन्‌तास पाहिला होता. गजाचा रियाज म्हणजे मोकळ्या तारेवर एकच लांब स्वर, रोज पंधरा-वीस मिनिटे. जाड तार लगेच बोलत नाही. गज घाईने ओढला तर ती शिट्टीसारखी किंचाळते, नुसता दाबला तर घरघरते. गजाचे वजन तारेत आधी बसू द्यायचे आणि मग संथपणे ओढायचे, म्हणजे स्वर तळातून उमलतो. गजाला लावायची बेसची राळ मऊ आणि चिकट असते. मे महिन्यात माझी वडी डब्यात वितळून पसरली, तेव्हापासून ती घरातल्या सर्वांत थंड कोनाड्यात ठेवते.

हा रियाज करताना मला खर्जाच्या साधनेची आठवण झाली. पहाटे मंद्र सप्तकात एकेक स्वर लांबवायला गुरू सांगत, तेव्हा मी तो कंटाळून, वरच्या स्वरांची तयारी म्हणून करत असे. खाली थांबून तिथला स्वर ऐकला असे कधी घडलेच नव्हते. आता मी तानपुरा लावते आणि त्याच्यासमोर बेसची तार जुळवते. हे करताना एक नाते उमगले. बेसच्या शेजारशेजारच्या दोन तारांत सा ते मध्यम एवढे अंतर असते, म्हणजे बारीक तारेला सा मानले तर तिच्या शेजारची जाड तार मंद्र पंचम होते. तानपुऱ्याच्या पंचमात लावलेल्या पहिल्या तारेचे मधल्या, सा लावलेल्या जोडाच्या तारांशी नेमके हेच नाते आहे. मग परके वाटणारे ते फिंगरबोर्ड मला वाचता येऊ लागले.

तारा जुळवण्याची युक्तीही स्वयंभू स्वरांचीच आहे. जाड तारेच्या चतुर्थांश जागी आणि शेजारच्या तारेच्या तृतीयांश जागी बोट न दाबता नुसते टेकवून गज फिरवला, की दोन्हींतून सेकंदाला सुमारे १६५ कंपनांचा एकच उंच स्वर निघायला हवा. फरक असेल तर त्यात लहर ऐकू येते. खुंटी फिरवता फिरवता ती लहर मंदावते आणि सूर मिळाला की विरते. ४१ आणि ५५ कंपनांचे मूळ स्वर थेट ताडून पाहताना मी नेहमी चुकते, पण ही लहर मला स्पष्ट कळते.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा आईच्या गाण्याखाली वाजवले. आईची पट्टी काळी पाच, म्हणजे तिचा सा त्या स्वरावर. माझ्या चार मोकळ्या तारांपैकी एकही तिच्या सा किंवा पंचमाची नव्हती. पण पांढरी सहाच्या तारेवर, नटपासून सुमारे सहा सेंटिमीटरांवर, पहिल्या बोटाखाली काळी पाच येते आणि त्याच बोटाखाली, शेजारच्या जाड तारेवर, तिचा मंद्र पंचम. एका बोटाने सा आणि प. आईने अभंग सुरू केला, मी दोन आवर्तने सा धरला आणि मग पंचमावर गेले. आई ओळीच्या मध्येच थांबली.

“पंचम उतरलाय गं,” ती म्हणाली.

मला तो उतरलेला कळला नव्हता. मी बोट केसभर खाली सरकवले आणि गज पुन्हा तारेवर ठेवला. आईने डोळे मिटले, क्षणभर ऐकले आणि सोडलेल्या शब्दापासून ओळ पुढे उचलली.