किरमिजी कसब्यातला शुक्रवार

अझरबैजानमधल्या गुबा शहरासमोर, गुदियाल नदीच्या पलीकडे एक गाव आहे, गिर्मिझी गसबा. मोठ्याने म्हणून बघा. किरमिजी कसबाच की! हे नाव सोव्हिएत काळातलं. त्याआधी ही 'ज्यूंची वस्ती' म्हणूनच ओळखली जायची. कॉकेशसमधले हे पहाडी ज्यू. यांची जुहुरी भाषा फारसीच्या गोतातली.

बाकूच्या मुख्य बसस्थानकावरून मिनीबस मिळते, अडीच तास धरा. आमची वडापसारखी, भरल्यावरच सुटली. गुबात उतरून 14 कमानींच्या जुन्या विटांच्या पुलावरून चालत गेलो. पोचलो शुक्रवारी दुपारी तीनला, आणि इथेच चुकलो. ऑक्टोबरअखेर सहाच्या आत सूर्य मावळतो आणि तिथून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो. चहाच्या दुकानात सोंगट्या खेळणारे म्हातारे एकेक करत उठले, शटरं खाली आली. जेवण राहिलंच. रात्री पूल ओलांडून गुबात परतल्यावर पोटात काही पडलं. तुम्ही खाऊन जा, किंवा पिशवीत गुब्याची सफरचंदं तरी ठेवा.

पण उपाशी राहिलो म्हणूनच ती संध्याकाळ दिसली. घरात शिरताना माणसं चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवत होती. खिडक्यांत दिवे लागले ते सूर्यास्ताच्या आधी, कारण नंतर काडी ओढायची नाही. कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, आठवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले. ते सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणत. इथे म्हणतात निमाज!

सहा घुमटांचं सिनेगॉग 1888चं. सोव्हिएत काळात बंद पडलेलं, 2001मध्ये पुन्हा उघडलं. आत गालिचे अंथरलेले, त्यामुळे चपला बाहेर. हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण पायमोजे फाटके नसावेत. पुरुषांनी डोकं झाकायचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नववा आला तेव्हा सगळे दाराकडे बघत होते. आम्ही मोजणीत नव्हतो, मागे गप्प बसलो. दहावा धापा टाकत आला.

शब्बाथला फोटो काढू नका, फोन खिशातूनही बाहेर काढू नका. फोटो हवेच असतील तर गुरुवारी जा. जुन्या कारचोगी सिनेगॉगमधलं पहाडी ज्यूंचं संग्रहालय (2020 पासून) त्याच दिवशी उरका. अझेरी किंवा रशियनचे चार शब्द पाठ असू द्या, इंग्रजीवर विसंबू नका. 'मनात' हे इथलं चलन, ते रोख जवळ ठेवा.

गावात बंगले प्रचंड, पण बरेच बंद. मालक मॉस्कोत, नाहीतर इस्रायलमध्ये. उन्हाळ्यात तिशा बावच्या उपासाला ते टेकडीवरच्या थडग्यांपाशी परततात. तेव्हा गाव भरलेलं असतं, खोली आधीच बघून ठेवा.