वजा घारी

गोव्यात नार्व्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा सातही वाजले नव्हते. नदीवर धुकं. सप्तकोटेश्वराला येतानाच गाडीतून हात जोडले होते. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर तो नदी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आम्ही फेरीबोटीनं उलट्या दिशेला, दिवाडी बेटावर निघालो होतो.

काम साधंच. नोव्हेंबर सरताना एक अख्खा रविवार खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर बसून बाहेरून आलेले शिकारी पक्षी मोजायचे. सोबत सावंतवाडीहून आलेला भाचा आणि आईचा नामजपाचा काउंटर, तो अंगठीसारखा बोटात घालायचा असतो तो. बसल्या बसल्या बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि कामाला लागलो. या बटणाकडे नंतर येतो.

भात कापून झालेलं, शेतात नुसते खुंट. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, मात्र अजून गुडघाभर पाणी होतं आणि त्यात अडयांचा, म्हणजे शिट्टी घालणाऱ्या रानबदकांचा, थवा. नऊच्या सुमारास जमीन तापली तसा भाचा ओरडला, "मामा, सव्वीस!"

सव्वीसच्या सव्वीस घारी. आपल्याच, मासळी बाजारावर पोसलेल्या.

गोव्यात हे मोजणं म्हणजे बेरीज थोडी आणि वजाबाकी फार. जॉर्जियात बटुमीला डोंगर आणि काळा समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. आपल्याकडे तशी खिंड नाही, पक्षी विखरून येतात आणि आधी घारींच्या गर्दीतून वेगळे काढावे लागतात. शेपटीला खाच असली की घार, ती सोडायची. तांबूस अंग, पांढरं डोकं, ती ब्राह्मणी घार, तीही सोडायची. त्यात काळ्या कानाची घार थंडीत उत्तरेकडून येते. म्हणजे घारींतही पाहुण्या आहेतच! त्या दुरून ओळखायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून त्यांच्यापुढे रेघ मारली.

दुसरा नियम भाच्याला पटायला वेळ लागला. गरम हवेवर गिरट्या घालत पक्षी वर चढत असताना मोजायचे नाहीत, तोच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचून पंख आवळून एका दिशेला घसरायला लागला की मग एकदाच बटण दाबायचं.

दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, ओळखायला मात्र दुर्बीणही लागली नाही. मादी गवतावरून हातभर उंचीनं आली, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचललेले, अंग काळपट तपकिरी आणि डोक्यावर साय थापल्यासारखा पिवळट रंग. अडया शिट्ट्या घालत एकदम उठल्या. ती वळली, पाय खाली सोडून लव्हाळ्यात पडली आणि चिखलाचे पाय घेऊन रिकामीच वर आली. भाचा हळहळला. मी अडयांच्या बाजूचा.

दुपारपर्यंत आकडा नऊ: सहा भोवत्ये, मासे मारणारा एक ऑस्प्रे, एक बुटेड ईगल आणि बराच वाद घालून एक मोठा ठिपकेदार गरुड. मग डबा, ऊन आणि दोन तास काहीच नाही.

चारनंतर शेतावर चतुर दाटले आणि त्यांच्यामागून अमूर ससाणे आले. कबुतराहूनही लहान पक्षी. ईशान्य आशियातून निघतात, नागालँडात थांबतात आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. गरुडांना उबदार हवेचा आधार लागतो, समुद्रावर तो मिळत नाही, म्हणून ते इथंच हिवाळा काढतात. हे मात्र पंख मारत, पाठीवर वारा घेत निघतात. चतुरांच्या काही जातीही याच दिवसांत याच दिशेनं समुद्र ओलांडतात, त्यामुळे वाटेत शिधा मिळत असावा असं अभ्यासक मानतात. २०१३ साली नागालँडात तिघांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली, त्यांची नावं नागा, पांगती आणि वोखा. त्याआधीच्या वर्षीपर्यंत पांगती गावाजवळ हेच पक्षी हजारोंनी जाळ्यात मारले जात होते, हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

एक नर अगदी डोक्यावरून गेला. राखाडी अंग, तांबड्या मांड्या. उडता उडताच त्यानं पाय पुढे घेतला, मान वाकवली आणि मुठीतला चतुर खाल्ला. काचेसारखा एक पंख गिरक्या घेत खाली आला, पण बांधापर्यंत पोचला नाही.

"अकरा," भाचा म्हणाला. मला आठच दिसले होते. आठ लिहिले. तो फेरीबोटीपर्यंत बोलला नाही.

घरी आईनं काउंटर मागितला. पडद्यावर १७.

"माझे चौसष्ट हजार कुठं गेले?"

सकाळचं ते बटण. भाचा हसू दाबत आत पळाला आणि मी जेवणाआधी पहिली माळ ओढायला बसलो.