पाळणाघरात ठेवलीत, मग पहिल्या तीन वर्षांचे काय?

'पहिली तीन वर्षे मेंदूच्या वाढीसाठी इतकी महत्त्वाची असतात, मग तुम्ही मुलीला सातव्या महिन्यातच पाळणाघरात कशी ठेवलीत?' हा प्रश्न मला लग्नकार्यांत, हळदीकुंकवांत आणि लोकलच्या महिला डब्यात उभ्या उभ्याही विचारला गेला आहे. मुलगी आता तिसरीत आहे, तरी तो थांबलेला नाही. विचारणाऱ्या बहुतेक जणी भल्या असतात. पूर्वी हाच प्रश्न 'जीव कसा झाला गं तुझा?' अशा शब्दांत यायचा आणि तो हसून टाळता यायचा. अलीकडे त्याला मेंदूविज्ञानाचे पाठबळ मिळाले आहे, त्यामुळे एकदा तरी नीट उत्तर देणे भाग आहे.

घराचा हप्ता, गावी असलेले सासूसासरे, डोंबिवली ते फोर्ट असा रोजचा प्रवास, ही कारणे तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्यांत मी एक कारण नेहमी गाळत आले, ते म्हणजे मला माझे काम आवडते आणि हप्ता नसता तरी मी ते बहुधा सोडले नसते. राहिला कायदा. 2017च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, असेही ठरले. उत्तम. परंतु सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सात महिन्यांचे मूल घेऊन चढायचे कसे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

आता मेंदूविषयी. जन्मतः मेंदूचे आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते तीन-चतुर्थांशाच्या पुढे जाते, हे तुम्ही मला सांगता आणि ते खरे आहे. मात्र ही वाढ कशावर पोसली जाते, हे सांगताना तुमचे बोट थेट आईकडे जाते. मूल आवाज काढते, हात पुढे करते, काहीतरी दाखवते. समोरचे माणूस त्याकडे पाहते, उत्तर देते. मूल पुन्हा काही म्हणते. दिवसभरात असंख्य वेळा होणाऱ्या या देवाणघेवाणीतून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात आणि न वापरलेल्या हळूहळू छाटल्या जातात. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आईने आधी बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ हसून पाहते, हात हलवते, ओरडते आणि शेवटी मान फिरवून घेते. त्या प्रयोगात आई समोरच बसलेली असते, हे विसरू नये. घरात असणे आणि उत्तर देणे या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत.

म्हणून पाळणाघर शोधताना मी एवढेच पाहत होते की मुलाने आवाज काढला तर तिथे कोण वळून पाहते. एका ठिकाणी पांढऱ्याशुभ्र गाद्या होत्या, भिंतीवर इंग्रजी मुळाक्षरे होती आणि सहा-सात मुले दूरदर्शन संचासमोर ओळीने बसलेली होती. 'आमच्याकडची मुले अगदी शांत असतात हो,' असे तिथल्या बाईंनी अभिमानाने सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे 2019 साली एक वर्षाखालच्या मुलांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले. मला त्या दिवशी ते ठाऊक नव्हते, पण ती शांतता काही बरी वाटली नाही.

आमच्या मागच्या इमारतीतल्या काकूंकडे सतत गलका असे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे होते, आणि खेळणी म्हणजे डबे, झाकणे, लाकडी पळ्या. पहिल्या दिवशी मी दारातच थांबून पाहत राहिले. काकू फरशीवर बसून मेथी निवडत होत्या आणि माझी मुलगी समोर पालथी पडून जुडीकडे सरकत होती. तिने 'बा' म्हटले. काकू हातातली काडी तशीच धरून थांबल्या, तिच्याकडे पाहून म्हणाल्या, 'बा? भाजी होय गं? हिरवी हिरवी भाजी.' मग त्या गप्प राहिल्या. घाईत असलेले माणूस अशा वेळी पुढचे वाक्य बोलून टाकते. काकू मात्र खरोखर थांबल्या होत्या. मुलीने पाय आपटले आणि पुन्हा 'बा' म्हटले. काकूंनी एक पान तिच्या नाकाशी धरले, ती शिंकली, काकूही खोटेखोटे शिंकल्या. मेथीची ती जुडी निवडून व्हायला किती वेळ लागला असेल, देव जाणे.

इथपर्यंत माझे उत्तर बरे चालते. पुढचा प्रसंग मी सहसा सांगत नाही, कारण तो ऐकून तुमचीच बाजू बळकट होते.

मुलगी तेरा महिन्यांची होती. जुलैतला मुसळधार पाऊस, शीव-कुर्ल्याच्या दरम्यान रुळांवर पाणी, गाड्या जागच्या जागी उभ्या, यांची त्या आठवड्यात दुसरी पाळी. काकूंना दोनदा फोन लागला, नंतर माझ्या फोनची बॅटरीच संपली. मी डोंबिवलीला पोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. वीज गेली होती. काकूंनी मेणबत्ती हातात धरून दार उघडले, आणि दुसऱ्या हातावर मुलगी होती, खांद्यावर डोके टाकून झोपलेली. मी नखशिखांत भिजलेली, केस तोंडावर आलेले. मी तिला घ्यायला हात लावला तशी ती दचकून जागी झाली, तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि काकूंच्या मानेत तोंड खुपसून त्यांचे मंगळसूत्र मुठीत घट्ट धरले. मी ओढले. ती अशी किंचाळली की समोरचे दार उघडले आणि तिथून आवाज आला, 'अगंबाई, आईलाच ओळखत नाही वाटतं!'

'ओढू नकोस गं,' काकू म्हणाल्या. 'आधी ते ओले कपडे बदल. मग इथे बस आणि नुसती बोल.'

त्यांचा गाऊन घालून मी फरशीवर बसले. काय बोलावे ते सुचेना. रोज रात्री दूध पाजताना मी तिला मध्य रेल्वेची स्टेशने ओळीने सांगत असे, माझ्या दिवसात तिला सांगण्यासारखे दुसरे असे काय होते. तीच मी सांगू लागले. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. दादरच्या सुमारास तिचे हुंदके कमी झाले. ठाण्याला तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, पण आली नाही. डोंबिवलीही होऊन गेली. अखेर ती काकूंच्याच खांद्यावर झोपली आणि मी तिला झोपेतच उचलून घरी नेले.

त्या रात्री मी राजीनाम्याचा मसुदा लिहिला. तो लिहिणारी मी आणि आजची मी, आमचा वाद अजून मिटलेला नाही. मी तिला बुखारेस्टची गोष्ट सांगते. रुमानियातल्या अनाथालयांत माणसांची सोबत न मिळालेल्या 136 मुलांवर 2000 साली अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवले गेले आणि पुढे त्यांची बुद्धी, मेंदूतल्या विद्युतलहरी, माणसाशी जवळीक साधण्याची क्षमता या सगळ्यांत सुधारणा दिसली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत. त्यांना सावरणाऱ्या बायका त्यांच्या जन्मदात्या नव्हत्या. माझी मुलगी भेदरली तेव्हा तिच्याजवळ बिलगायला माणूस होते, तिला ते हक्काचे वाटत होते, यापेक्षा पाळणाघराकडून आणखी काय मागायचे? त्यावर मसुदा लिहिणारी मी म्हणते की अनाथालयाशी तुलना करून जिंकणे सोपे आहे. तुझ्या मुलीपुढचा पर्याय अनाथालय नव्हता, घर होते.

तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. अमेरिकेत 1991 पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून माग घेणारा एक मोठा सरकारी अभ्यास झाला. मूल कोणाकडे आणि किती तास राहते यापेक्षा घरचे वातावरण आणि आईची संवेदनशीलता यांचा प्रभाव जास्त आढळला, आणि चांगल्या प्रतीच्या सांभाळात भाषेची वाढ अधिक चांगली दिसली. ही दोन वाक्ये मी समारंभांत ऐकवते. त्याच अभ्यासात पाळणाघरात अधिक तास काढलेल्या मुलांच्या वागण्यात त्रासाच्या तक्रारी किंचित जास्त आढळल्या, हे तिसरे वाक्य मी गिळते. किंचित म्हणजे माझ्या मुलीच्या बाबतीत किती, हे कोणत्याही सरासरीवरून काढता येणार नाही. ती हट्टी आहे. तिचे बाबाही हट्टी आहेत, आणि त्यांच्या आईला ते कुठे ठेवले होते असे कोणी विचारत नाही.

माझ्या विभागातल्या एका मुलीची रजा पुढच्या महिन्यात संपते आहे. तिनेही हाच प्रश्न विचारला, पण तिला उत्तर हवे होते. 'सगळे ठीक होते' असे मी तिला म्हटले नाही. सकाळी बघायला जाऊ नकोस, सकाळी सगळीच पाळणाघरे नीटनेटकी असतात. दुपारी चारच्या सुमारास न कळवता जा, त्या वेळी मुले किरकिरी आणि बायका दमलेल्या असतात. एका बाईकडे किती तान्ही मुले आहेत ते मोज. रडणाऱ्या मुलाला आधी उचलतात की आधी गप्प करतात ते बघ. आणि सांभाळणाऱ्या बाई दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात का, हे फीच्या आधी विचार.