बोट हलेचना, मग रिलीज ट्रिगर लावला

ओहायोत राहायला आल्यावर मला ट्रॅप शूटिंगचा नाद लागला. समोरच्या बुटक्या घरातून बशीएवढी चकती सुटते, तिला इथे सगळे बर्डच म्हणतात, ती शॉटगनने हवेत फोडायची, 25 चा एक राउंड. पहिली तीन वर्षं मजेत गेली, 16 यार्डवरून 22-23 फुटायचे. मग फ्लिंच सुरू झाला.

ज्याला झालाय त्यालाच कळेल हे. बर्ड दिसतोय, नळी बरोबर त्याच्यावर आहे, डोकं म्हणतंय मार, आणि बोट ढिम्म. वर खांदा आपोआप पुढे जातो आणि बंदूक नाक खाली घालते. एकदा शेजारचा म्हणाला सेफ्टी बघ, सेफ्टी ऑफच होती, काडतूस आत जसंच्या तसं. मला वाटलं धक्क्याची भीती बसली असेल, म्हणून 1⅛ औंस छऱ्यांऐवजी ⅞ ची हलकी काडतुसं घेतली, दस्त्याला जाड पॅड लावलं, कानात बोळे आणि वर इअरमफ, सगळं झालं. महिनाभर बरं वाटलं आणि परत तेच, उलट जास्तच.

क्लबातले एक आजोबा म्हणाले, तुझं बोट ओढायला तयार नाहीये ना, मग सोडायला लाव. रिलीज ट्रिगर म्हणजे तेच. आधी ट्रिगर ओढून धरायचा, मग बर्ड सोडायला ‘पुल’ अशी हाक द्यायची, बर्ड आला की बोट सैल सोडायचं, तेव्हा बार उडतो. मला एकदम लहानपणीची बेचकी आठवली, रबर ताणून नेम धरायचा आणि सोडायचं, कैऱ्या पाडताना कधी फ्लिंच झाला होता का!

गनस्मिथने माझ्या दुनळीला बसवून दिला, वर रिलीज ट्रिगर असल्याचा स्टिकरही चिकटवला, आणि पहिल्यांदा शिकवलं काय तर न मारता थांबायचं कसं. ओढून धरलाय आणि बर्ड फुटका आला, तर बोट अजिबात सोडायचं नाही, तसंच दाबून ठेवून नळी समोरच ठेवायची, लिव्हरने बंदूक उघडायची, मगच बोट सोडायचं. हे मी घरी स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, घालून दोन आठवडे रोज घोकलं, बायको म्हणे टकटक बंद करा आता.

रेंजवर पहिल्या दिवशी 25 पैकी 11. दोनदा तर पुल म्हणतानाच बोट सैल पडलं आणि बर्ड यायच्या आधीच बार, मान खाली घालून उभा होतो. पण खांदा एकदाही पुढे गेला नाही, एकदाही नाही! तिसऱ्या आठवड्यात 21.

पुण्याचा मामेभाऊ ऑलिंपिक ट्रॅप मारतो, तो म्हणाला आमच्याकडे हे चालतच नाही, आणि खरंय, आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात रिलीज ट्रिगरला बंदी आहे. अमेरिकन ट्रॅपमध्ये मात्र बरेच जण वापरतात. बंदूक कुणाला हातात देत नाही आता, स्टिकर असला तरी, सवय नसलेला माणूस ओढतो, काही झालं नाही म्हणून बोट काढतो आणि मग नळी कुठे असेल देव जाणे.

डबल्सचं, म्हणजे एकदम दोन बर्ड सुटतात त्याचं, अजून जमलेलं नाही. माझ्या बंदुकीत पहिला बार सोडून आणि दुसरा नेहमीसारखा ओढून उडतो, आणि त्या दुसऱ्याला खांदा कधीकधी अजून पुढे जातोच.