पंचनाम्यात होतं, तक्त्यात आलं नाही

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालातले ठळक आकडे वर्तमानपत्रांत येऊन गेले: ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. मी हीच आकडेवारी तपासण्याचं काम करते आणि माझी गाडी दरवेळी अडते ती कारणांच्या तक्त्यापाशी. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात. त्याच अहवालात मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या अंगाभोवती साधा पत्राही नव्हता. त्यांना वाचवायचं कसं, हे कारणांचा तक्ता सांगत नाही.

एका जिल्ह्याच्या नोंदी तपासताना महामार्गावरचा एक तुकडा मला सारखा खटकत होता. नियम असा आहे की, राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या अंतरात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जण दगावले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते आणि दुरुस्तीसाठी पैसे मिळतात. इथे तशी जागा ठरतच नव्हती. पण घटनास्थळाच्या वर्णनाचा रकाना वाचला तर एका नोंदीत एका गावाचं शिवार, दुसरीत पलीकडच्या गावाचं, तिसरीत ‘धाब्यासमोर’, चौथीत ‘फाट्याजवळ’. नकाशावरचे काही ठिपके तर चक्क पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेले, कारण आयरॅडमधली (अपघातांच्या नोंदींची सरकारी संगणक प्रणाली) माहिती जागेवर न भरता ठाण्यात आल्यावर भरलेली. आमच्या कार्यालयात याला ‘खराब डेटा’ म्हणून गाळून टाकायची पद्धत आहे. मला ती पद्धत मान्य नाही. गाळलेली प्रत्येक ओळ म्हणजे एक मेलेला किंवा जायबंदी झालेला माणूस असतो.

म्हणून परवानगी काढून मी ठाण्यातच गेले. अपघाताचं काम बघणारे हवालदार निवृत्तीला आलेले. त्यांनी एकेक गुन्ह्याची फाईल काढून दिली. सगळ्या फिर्यादींत तेच वाक्य: ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’

“साहेब, सगळीकडे कारण अतिवेगच कसं?” मी विचारलं.

“मॅडम, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं २७९, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि ३०४ (अ), म्हणजे हयगयीने मृत्यू, लावायचं तर भरधाव आणि हयगय लिहावंच लागायचं. नाहीतर कलम कोर्टात टिकलं असतं का? मयताच्या घरच्यांना क्लेमही मिळायला पाहिजे. आणि फिर्यादीत भरधाव आलं, की कॉम्प्युटरला अतिवेग.”

त्यांचं चुकत नव्हतं. एका फाईलमध्ये ‘अज्ञात वाहन’ होतं. गाडी कोणती, रंग कुठला, हेसुद्धा कुणी पाहिलेलं नाही. तरी कारण अतिवेग. देशात २०२२ मध्ये ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनांनी ३०,४८६ माणसं मारली. पळालेल्या गाड्यांचा वेग कुणी मोजला?

मग मी घटनास्थळाचे पंचनामे वाचायला घेतले. आमच्या क्षेत्रातली माणसं पंचनामा वाचत नाहीत, ती एक्सेल वाचतात. हवालदारांचं अक्षर मोत्यासारखं. ‘दुभाजकामध्ये अंदाजे सहा फूट रुंदीची मोकळी जागा. सदर ठिकाणी लाईटची सोय नाही. पलीकडील बाजूस दूध संकलन केंद्र.’ एकात लिहिलेलं: ‘मयताजवळ अ‍ॅल्युमिनियमची किटली चेपलेल्या अवस्थेत, रस्त्यावर दूध सांडलेले.’ आणखी एका पंचनाम्यात पुन्हा किटली. मी वेळेचा रकाना उघडला. बहुतेक अपघात दिवेलागणीचे, एक-दोन पहाटेचे. दूध घालायच्या वेळा. कच्च्या नकाशांतली मोकळी जागाही सगळीकडे तीच. गाव एका बाजूला, डेअरी दुसऱ्या बाजूला, भुयारी मार्ग बराच पुढे, आणि अंधारात किटली घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं. गाड्या वेगात असतीलही. महामार्ग वेगासाठीच बांधलाय.

निघताना हवालदारांनी आणखी एक फाईल पुढे केली. त्यातला माणूस आमच्या तक्त्यात ‘गंभीर जखमी’ होता. त्याला शहरातल्या रुग्णालयात हलवलं, तिथे काही दिवसांनी तो गेला. तिथल्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, कागद टपालाने इकडे आले, गुन्ह्यात कलम वाढलं, पण संगणकातली ओळ तशीच राहिली. तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो अपघाती मृत्यू धरायचा, असा नियम आहे. नियम पाळायचा कुणी, हे कुठल्याच कागदावर नाही.

एकूण आकड्यांकडेही याच संशयाने बघावं लागतं. २०२२ मध्ये केरळात ४३,९१० अपघात आणि ४,३१७ मृत्यू. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. एवढा फरक नुसत्या गाडी चालवण्यातला असेल, हे मला पटत नाही. आपल्याकडे कमी दुखापतीचे अपघात जागेवरच मिटवले जातात आणि ते कागदावर येतच नाहीत, हे त्यातलं मोठं कारण आहे असं माझं मत आहे. त्यामुळे माणूस मरेपर्यंत ती जागा धोक्याची आहे हे आपल्याला कळत नाही.

बैठकीत मी पंचनाम्यांचा वेगळा तक्ता मांडला: उजेड, दुभाजकातली फट, ओलांडण्याचं कारण, वेळ. एका वरिष्ठांनी विचारलं, “पोलिसांनी नोंदवलेलं कारण बदलायचा तुम्हाला अधिकार काय?” प्रश्न रास्त आहे, आणि मी अजून त्यावर विचार करतेय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८अ आलंय; रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत कसूर होऊन कुणी मेलं किंवा जायबंदी झालं तर कंत्राटदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘अतिवेग’ लिहिलं की ते कलम कुणाच्या मनातही येत नाही. मी पोलिसांचं कारण खोडलेलं नाही. त्याच्या शेजारी पंचनाम्याचे रकाने जोडलेत आणि ते अहवालात राहावेत यासाठी माझं भांडण चालू आहे. परिशिष्टात टाकू, असं सध्या म्हणतायत. मला ते मुख्य तक्त्यात हवेत.

एवढ्यात सरपंचांशी फोनवर बोलणं झालं. संकलनाची गाडी गावाच्या बाजूलाही थांबू शकेल का, हे ते दूध संघाला विचारणार आहेत. फटीजवळच्या दिव्यासाठीचा अर्ज मी त्यांना लिहून दिलाय, सोबत पंचनाम्यांच्या प्रती लावायला सांगितल्यात.